दहा वेळा ब्रेक

ऐक, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे. अनुजिन गॅरेजच्या फरशीवर उकिडवी बसलीय, गाडीचं पुढचं चाक काढलेलं, आणि ओत्गो मेकॅनिक टॉर्च मारून तिला ब्रेक दाखवतोय. पॅड बघावेत तर नव्यासारखे जाड. पण डिस्कवर गंजाचे पापुद्रे, आणि पॅडना पुढंमागं सरकवणारी पिन अशी जाम, की हातोडा मारूनही हलेना.

"झिजले नाहीत, ताई," ओत्गो म्हणाला. "न वापरून सडलेत."

हायब्रिड गाडीचं असंच असतं म्हणे. ब्रेक हळूच दाबला की मोटरच गाडी आवरते, पॅड डिस्कला टेकतसुद्धा नाहीत. म्हणजे जो जपून चालवतो, त्याचेच ब्रेक आधी गंजतात. आणि अनुजिनला जपून चालवायला शिकवलं कुणी? दाशझेवेगनी, तिच्या बाबांनी. तीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. खरा ड्रायव्हर ब्रेकला पाय लावत नाही, हे ऐकतच ती मोठी झाली. तिनं बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

कॅलेंडरवर परवाचा दिवस लाल होता. त्सागान सार, नवं वर्ष. उद्या पहाटे उलानबातरहून निघायचं, साडेचारशे किलोमीटर, अर्खांगायला थोरल्या काकांच्या तंबूवर. ट्रक सुटला तसं बाबांचं गावी जाणंच सुटलं होतं, म्हणून तर तिनं ही जपानहून आलेली जुनी गाडी घेतली. आणि बाबांची एकच मागणी होती. शेवटची खिंड लागली की स्टिअरिंग माझ्याकडे. भावाच्या दारात मी गाडी चालवत जाणार, पोरीनं नेऊन सोडलेला म्हातारा म्हणून नाही. अनुजिननं सगळ्यांसमोर शब्द दिला होता.

तर ब्रेक उघडले. ओत्गोनं बजावलं, गाडीचं दार कुणी उघडू नका. या गाडीचा ब्रेकचा पंप दार उघडलं की आपोआप जागा होतो. बॅटरी काढून ठेवतो म्हणाला आणि तेवढ्यात त्याला फोन आला. बाबांना थंडी वाजत होती. त्यांनी दार उघडलं. घूं असा आवाज झाला, पिस्टन बाहेर, आणि ब्रेकचं सगळं तेल फरशीवर. ओत्गो फोन कानाला तसाच ठेवून बघत राहिला. दोन तास गेले त्यात, मग कुठं नवे पॅड आणि डिस्क बसल्या. वर बाबाच म्हणतात, याला पाना धरता येत नाही, आमच्या वेळी असली पोरं टायरात हवासुद्धा भरायला ठेवली नसती. अनुजिननं दात आवळले.

मग टायर. गाडीबरोबर आलेले पेट्रोल वाचवणारे, उणे तीसमध्ये लाकूड होणारे. बाजारात त्या मापाचे हिवाळी टायर दोनच दुकानांत उरले होते. तिनं खोल नक्षीचे उचलले. बाबांनी त्यात नख रुतवून बघितलं, रुतेना. कडेचे चार आकडे वाचले, आठ वर्षांपूर्वीचा माल. पलीकडचे थोडे झिजलेले होते, पण नख आत गेलं. "हे घे," म्हणाले. दुकानदारानंही मान डोलावली. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं, म्हातारा अजून पक्का आहे.

शेवटचं काम उरलं. नवे पॅड डिस्कवर बसायला हवेत, म्हणून ओत्गोनं सांगितलं होतं, पन्नासच्या वेगानं जा आणि कचकन दाब, असं दहा वेळा. बाजारामागचं मैदान मोकळं होतं, वाऱ्यानं बर्फ उडून डांबर कोरडं पडलं होतं. या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे बाबा डावीकडे, त्यांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर बसतो तिथंच.

चौथ्या फेरीला दुकानांच्या मधून एक कुत्रा आडवा आला. अनुजिननं दाबला. गाडी थांबली. कुत्रा समोरून निघून पलीकडच्या खोक्यांपाशी पोचला.

आणि मग बाबांचा उजवा पाय खाली गेला. तेव्हा. चांगला जोर लावून, जिथं ट्रकचा ब्रेक असायचा तिथं.

"बघितलंस?" बाबा खुशीत म्हणाले. "इतकी वर्षं झाली, पण पाय अजून आपसूक जातो."

उरलेल्या सहा फेऱ्या तिनं पुऱ्या केल्या. रस्त्याकडे बघत होती म्हणावं तर बघत होती, पण प्रत्येक वेळी डावीकडचा तो धप्प आवाज मोजत होती, गाडी थांबल्यावर किती वेळानं येतो ते.

दहा झाले. बाबा उतरले, वळसा घालून आले आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडं. उद्यासाठी जरा हात बसवून घेतो."

अनुजिननं स्टिअरिंग सोडलं नाही. हातमोज्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली.

"ओत्गो म्हणाला, नवे ब्रेक आहेत," ती म्हणाली. "पहिले पाचशे किलोमीटर एकाच माणसाचा पाय हवा. दुसऱ्याचा लागला तर बिघडतात म्हणे."

असं काही नसतं. तुलामला कळणार नाही एखाद वेळी, पण ज्यानं तीस वर्षं आपल्या ट्रकचे ब्रेक आपल्या हातानं बदलले त्याला?

बाबा दाराला हात लावून उभे राहिले. वाऱ्यानं टोपीचे कान फडफडत होते. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खाली पेडलकडे, बराच वेळ.

"असं म्हणाला का," ते म्हणाले. "पोरगा हुशार आहे. त्याचं ऐकावं."

आणि दार हळूच लावून, वळसा घालून, डावीकडे जाऊन बसले. पट्टा खाचेत बसायला तीन वेळा चुकला. तिनं मदत केली नाही, समोर बघत थांबली.

आता तू सांग. खिंडीपासून दारापर्यंत फक्त बारा किलोमीटर, रस्ता मोकळा, आणि शब्द दिलेला. तू काय केलं असतंस?