कपाटामागची भिंत

नवऱ्याने धाकट्या जावेच्या खोलीतलं कपाट हातभर पुढे ओढलं आणि थोरलीने नाकाला रुमाल लावला. मागची भिंत कमरेपर्यंत बुरशीने काळी पडली होती.

"अगंबाई! हे कधी झालं?" ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी खोल्या वाटून घेताना तिथे तळहाताएवढा ओला डाग होता. तिनेच कपाट त्याच्यापुढे भिंतीला चिकटवून ठेवलं आणि उजेडाची खोली पदरात पाडून घेतली. पण नुसत्या उजेडाने काय होतंय? धाकटा दीर सतत फिरतीवर, म्हणून सासूबाई धाकटीच्या सोबतीला झोपायला गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. दोघींचं हसणं ऐकू आलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षं हिने राबायचं आणि कौतुक कालच्या पोरीचं! धाकटीला दिवस गेले, तेव्हापासून तर विचारूच नका.

आता सासूबाईंचे पाय सुजले होते, चार पावलांत धाप लागत होती. डॉक्टरीणबाई ती भिंत बघून म्हणाल्या, "हृदय आधीच अशक्त आहे. सगळं बुरशीनेच झालं असं मी म्हणत नाही. पण त्या हवेने दम लागतो आणि ताण हृदयावर येतो. खोली बदला."

"आई माझ्या खोलीत येतील," थोरली पटकन म्हणाली. काळजी होतीच, पण मनातून उकळ्याही फुटल्या.

दुपारी तिने नवऱ्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं, आपल्या खोलीत खिडकीपाशी सासूबाईंचं घातलं, तीन उशा रचल्या. सासूबाई टेकून बसल्या.

"तिकडे कपाटाला लागून कशाला झोपायचात? खिडकीखाली जागा होती की."

"खिडकीखाली ती झोपायची. पोटुशी बाई."

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास येत नाही होय गं? मागे हात घालून पुसायचे. पुन्हा यायचं."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी श्वास जुळवला. "कपाट कोणी लावलं, तेही बोलावं लागलं असतं."

थोरलीने चादरीची घडी सारखी केली. मग तिने दाराशी जाऊन धाकटीला हाक मारली.

"तुझं अंथरूण इकडे आण. आईंजवळ तूच झोप."

आणि बाहेरच्या खोलीत न्यायला तिने आपली उशी उचलली.