कडी बाहेरून

बाबा पुन्हा हरवले त्या दिवशी आमचा कुत्रा ठोंब्या एकटाच घरी आला. याआधी दोनदा त्यानंच बाबांना परत आणलं होतं. म्हणजे भूक लागली की तो आपला घराकडे वळायचा, आणि पट्टा हातात असल्यामुळे बाबाही मागोमाग यायचे. या वेळी पट्टा नुसताच रस्त्यावरून फरफटत आला. आई दारातच मटकन खाली बसली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आईचा फोन आला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते. ती तशीच त्यांच्या नाकावर सोडून मी धावले. बाबा सापडले ते मोठ्या रस्त्याच्या मधल्या कठड्यावर. दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट जात होते आणि बाबा पाय सोडून निवांत बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय रक्तानं माखलेला. मला बघून म्हणाले, "बस अजून आली नाही."

बाबांनी उभी हयात यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. त्यांनी आखलेल्या रेघेवर बोट ठेवायला जागा नसायची. विसरणं सुरू झालं तेव्हा आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग रस्ते. डॉक्टर म्हणाले, हा आजार आता मागे फिरायचा नाही, यांना एकटं सोडू नका. सांगायला त्यांचं काय जातंय. आईनं पुढच्या दाराला कुलूप घातलं. बाबा दिवसभर दार बडवायचे आणि त्यांच्या पायाशी ठोंब्या गळा काढायचा. पिल्लू असताना तो आरशातल्या कुत्र्यावर भुंकायचा म्हणून बाबांनी त्याचं नाव ठोंब्या ठेवलेलं. एवढा घोडा झाला तरी अजून भुंकतो.

मागच्या अंगणाला जाळी मारायची कल्पना माझी. अंगणात फरशी होती, कडेला धुण्याची मोरी होती, आणि भोवती कमरेएवढी भिंत. ती भिंत बाबा या वयातही टांग टाकून ओलांडायचे. निम्म्या अंगणावर पत्रा घालून चारी बाजूंनी जाळी लावली, तर दोघांनाही ऊन-वारा मिळाला असता आणि आईला घटकाभर पाठ टेकता आली असती.

"कोंडायचं म्हण ना सरळ," आई म्हणाली.

"कोंडायचं कुठे? मोकळ्यावर बसायचं."

"जाळीत मोकळं!" तिनं हातातलं पातेलं इतकं घासलं की त्याला भोक पडायचं राहिलं. मग म्हणाली, "बोलाव त्या माणसाला. पण यांच्यासमोर ठोंब्यासाठी म्हणायचं. कबूल?"

मी कबूल केलं.

जाळीवाला आला तो बोलतच आला. टेप काढला, भिंतीवर थाप मारली, ठोंब्याचे पंजे उचलून बघितले. "काकू, डासांची बारीक जाळी खालपर्यंत नेली तर हे राजे तिच्या चिंध्या करतील. खाली जाड वेल्डिंगची जाळी, वर बारीक. आणि फरशीला उतार, नाहीतर यांचा सगळा कार्यक्रम तिथंच साचून राहील."

बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. बऱ्याच दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर न दिसलेलं काहीतरी तिथं होतं. ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज झाला, आणि ते कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन बाहेर आले. मोरीच्या कट्ट्यावर कागद पसरून म्हणाले, "उतार कुठल्या बाजूला देणार? मोरीकडे द्या. आणि नळ खाली घ्या, त्याला पाणी पिता आलं पाहिजे."

जाळीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बाबा काढत गेले. हात सुरुवातीला जरा अडखळला, मग लागला. ठोंब्याची झोपायची जागा सावलीत, जमिनीपासून थोडी वर. बसायला भिंतीला धरून लांब बाकडं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसावं म्हणून तिकडचा खांब बाजूला सरकवला. मग म्हणाले, कुत्र्याला जायला-यायला खाली एक झडप हवी, उठसूट दार कोण उघडणार? त्यांनी ठोंब्याला जवळ ओढून त्याच्या खांद्यांचं माप घेतलं. तो शेपटी आपटत उभा राहिला. मग बाबांनी टेप स्वतःच्या खांद्यांवर धरला, आकडा बघितला, आणि झडपेची रुंदी कागदावर लिहिली.

आई धुतलेले कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

"दाराची कडी कुठे दाखवलीत?" बाबांनी जाळीवाल्याला विचारलं.

"आतून लावू ना. सोयीची."

"बाहेरून लावा. आणि वर. इथं." त्यांनी कागदावर खूण केली.

जाळीवाला हसला. "काका, कुत्र्याला एवढ्या वर कडी? उंट पाळायचा विचार आहे का?"

"कुत्र्यासाठी नाहीये ती," बाबा म्हणाले.

जाळीवाल्याचं हसू तोंडातच राहिलं. तो टेप गुंडाळत बसला. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि आईला हाक मारली, "अगं, इकडे ये. हे बघून घे."

"काय बघायचंय त्यात," आई दोरीकडे तोंड करूनच बोलली.

"माझा हात आतून कडीपर्यंत पोचणार नाही. जाळीतून बोटं गेली तरी पोचणार नाही. मी शिव्या देईन, रडेनसुद्धा. तेव्हा उघडायचं नाही. आज मला कळतंय म्हणून आज सांगतोय."

"अहो, पुरे," आई म्हणाली. तिनं ओला टॉवेल तोंडावर धरला आणि तशीच उभी राहिली.

जाळी लागेपर्यंत बाबांना त्यातलं काही आठवत नव्हतं. खांब उभे राहत होते तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, शेजारी कोण राहायला येतंय? तरी पहिले दिवस बरे गेले. सकाळी ते आणि ठोंब्या आत जाऊन बसायचे. ऊन जसं सरकेल तसं दोघंही बाकड्यावरून सरकायचे. आई खिडकीतून बघत स्वयंपाक करायची. ती चक्क गुणगुणतेय हे मला एकदा ऐकू आलं.

मग एके दिवशी त्यांना दार दिसलं. म्हणजे दार होतंच, पण ते उघडत नाही हे त्या दिवशी लक्षात आलं. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. शेजारच्या काकू गच्चीत उभ्या होत्या, त्यांना ओरडून सांगितलं, "पोलिसांना बोलवा! या बाईनं मला डांबून ठेवलंय!" काकू सगळं जाणून होत्या. तरी त्या आत निघून गेल्या. त्यांना ते बघवलं नसेल.

आईनं प्लॅनचा कागद आणून जाळीला लावून धरला. "बघा, हे अक्षर कुणाचं? तुमचंच ना? तुम्हीच काढलंय हे सगळं."

बाबा शांत झाले. कागदाजवळ डोळे नेऊन त्यांनी प्रत्येक माप वाचलं. "काम चोख आहे," ते म्हणाले. "पण ज्यानं काढलंय त्याला काळीज नाही."

आईनं तो कागद परत कधी त्यांच्यासमोर आणला नाही.

त्यानंतर दुपार झाली की त्यांचं ओरडणं सुरू व्हायचं. एकदा बाबा दाराशी धडका मारत असताना ठोंब्या उड्या मारत मध्ये आला. दाराशी जायचं म्हणजे फिरायला जायचं, एवढंच त्याला ठाऊक. बाबांनी बाकड्याजवळचं लोखंडी स्टूल उचलून त्याच्यावर घातलं. तो आवाज मी सांगू शकत नाही. ठोंब्या झडपेतून तीन पायांवर बाहेर आला आणि मोरीत जाऊन पडला.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाय जोडला. कसं झालं विचारलं तेव्हा आई म्हणाली, जिन्यावरून पडला. आमच्या घराला जिना नाही. संध्याकाळी बाबांनी ते बँडेज बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "कुणी मारलं याला? कुठला कसाई तो?" ते हात पुढे करून जवळ गेले. ठोंब्या पोट जमिनीला घासत मागे मागे सरकला आणि कोपऱ्यात जाऊन थरथरायला लागला.

"मला का घाबरतोय हा?" बाबांनी आईला विचारलं.

"दुखतंय त्याला, म्हणून," आई म्हणाली.

तेव्हापासून ठोंब्यानं जाळीत पाय टाकला नाही. झडप उघडी असायची, आत पाणी ठेवलेलं असायचं, पण तो बाहेर मोरीजवळ लोळायचा. ज्याच्या नावावर एवढा खटाटोप केला तो बाहेर, आणि बाबा आत एकटे. ते आता ओरडायचेही कमी. जाळीला कपाळ टेकवून उभे राहायचे, संध्याकाळी त्यांच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले दिसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू आवाजात विनवायचे. आईलाही. "अहो बाई, जरा उघडता का? घरी वाट बघत असतील." चाळीसेक वर्षं जिला अगं म्हणून हाक मारली, तिला अहो बाई.

एका दुपारी आई मला म्हणाली, "मी आत जाऊन बसते. तू बाहेरून कडी घाल."

मी तोवर दुकानात सकाळची पाळी मागून घेतली होती, दुपारी घरी असायचे. "कडी कशाला? तू आहेस ना आत?"

"ते मला ढकलून निघून जातील. माझ्यात कुठे जोर आहे त्यांना धरायला? घाल म्हणते ना."

मी घातली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिले. आई बाकड्याच्या टोकाला बसली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग दबक्या आवाजात विचारलं, "तुम्हालाही पकडलंय?"

आईनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "हो ना."

"कुणी?"

"ती काय, ती उभी आहे ती पोरगी. फार कडक आहे."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीतून बाजूला झाले. आतून त्यांचा आवाज आला, "घाबरू नका. मी आहे."

पुढचे काही महिने रोज दुपारी हेच चाललं. मी कडी घालायची आणि ती दोघं शेजारी शेजारी बसायची. बाबा तिला सुटकेचे बेत सांगायचे. पत्र्याचे स्क्रू कसे काढायचे, पहारेकरी कधी झोपतो. पहारेकरी म्हणजे मी. आई सगळं मन लावून ऐकायची, मध्येच एखादी शंका काढायची. कधी बाबा स्वतःची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायचे, बिचारी परकी बाई कुडकुडतेय म्हणून. त्या दिवसांत ते तिच्याशी जितके हळुवार बोलले तितके आधी कधी बोललेले मी तरी ऐकले नव्हते. ते अरसिक नव्हते, पण कामापुरतं बोलणारे होते.

थंडीत त्यांना खोकला लागला आणि तो छातीत उतरला. इस्पितळात नेलं तेव्हा त्यांनी कुणालाच ओळखलं नाही, विरोधही केला नाही. सलाईन लावून घेताना त्यांनी नर्सला विचारलं, "आमच्याबरोबर एक बाई होत्या. त्या सुटल्या का?"

नर्सला काही कळेना. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "सुटल्या."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. ते त्याच आठवड्यात गेले.

जाळीवाल्याला आईनंच निरोप धाडला. तो या खेपेला गप्प होता. त्यानं दुपारपर्यंत सगळं उतरवलं आणि खांबांच्या जागी सिमेंट भरून दिलं. पैसे विचारले तर नको म्हणाला आणि ठोंब्याच्या डोक्यावर हात फिरवून गेला. अंगण एकदम मोठं दिसायला लागलं. आई अंगणाकडे न बघता ओट्याशी उभी होती. मी चहा टाकला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तू रोज कडी घालायचीस ना, तेव्हा मला तुझा राग यायचा. मीच सांगायचे, तरी यायचा. आत बसलं की वाटायचं, पोटची पोर आणि हिचा हात कसा धजावतो? त्यांना यायचा तितकाच."

"अजून येतो?"

तिनं चहा दोन कपांत गाळला. आम्ही दोघींनी उभ्यानंच चहा घेतला. मग मी कप विसळून ठेवले आणि दुपारच्या पाळीला दुकानात गेले.