एका वाडीवर हल्ला

ऊसतोडीला अर्धं गाव गेलं की आमच्या तिन्ही वाड्यांतल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायच्या. म्हणून वरची वाडी, मधली वाडी आणि खालची वाडी यांनी संरक्षण एकत्र केलं. केजहून ठराव टाईप करून आणला: एका वाडीवर हल्ला म्हणजे तिन्ही वाड्यांवर हल्ला, हाक येईल तिथं काठ्या घेऊन जायचं.

पहिल्याच आठवड्यात खालच्या वाडीचा सोमनाथ ठरावाप्रमाणे वरच्या वाडीची मोटार राखायला गेला. वरच्यांनी चोर समजून त्याचे चार दात पाडले. खालच्यांनी वरच्यांचे सहा पाडले. मग मधल्या वाडीच्या, म्हणजे आमच्या, सरपंच तुळजाबाईंना दोन्हीकडून फोन आले: "हल्ला झालाय, माणसं पाठवा."

तुळजाबाईंनी ठराव दोनदा वाचला.

"दोघांलाबी मदत करावी लागती," त्या म्हणाल्या. "सम घरनंबर वरच्यांकडून, विषम खालच्यांकडून."

माझं घर चौदा. थोरला भाऊ परमेश्वर, वाटणी झाल्यापासून, पंधरा.

भर दुपारी आम्ही मारामारीच्या जागी, ओढ्यावर पोचलो तेव्हा वरचे-खालचे समेट करून जेवायला गेले होते. आम्हाला कळवायचं राहिलं. ओढ्यात फक्त आमचीच वाडी, दोन बाजूंनी समोरासमोर.

"दादा, सरक ना."

"तू सरक बे. मला खालच्यांला वाचवायचंय."

मागचे ढकलत होते. त्यानं माझ्या कानावर काठी घातली. मी त्याच्या उजव्या हातावर. हाड ऊस मोडल्यासारखंच वाजतं, रस तेवढा लाल.

रक्त बघून तुळजाबाईंनी दोन्हीकडं फोन लावला: "मधल्या वाडीवर हल्ला झालाय!"

साठ माणसं जेवणावरून उठून आली. पुढं वरच्या वाडीचा पुढारी अमरसिंह.

"हल्लेखोर कोण हाय?"

समांनी विषमांकडं बोट दाखवलं, विषमांनी समांकडं.

"ठराव हाय. मारल्याबिगर वापस जाता येत न्हाई." अमरसिंहची नजर माझ्या लाल काठीवर थांबली. त्यानं परमेश्वरला विचारलं, "ह्यानं मारलं का तुला?"

परमेश्वरनं मोडका हात पोटाशी धरला. माझ्याकडं बघितलं.

"ह्यो? ह्याला काठी धरता येती का? हल्ला मीच केला."

साठ जणांनी ठराव पाळला. मी "न्हाई, न्हाई" म्हणून ओरडलो, पण एक कान गेलेला आणि वर काठ्यांचा गलका, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांनाही आला नाही.

परमेश्वरचा डावा हातही गेला. आता दोन्ही वेळेला मी त्याला भरवतो. तो काहीतरी पुटपुटतो. मी चांगला कान पुढं करतो.

"मीठ न्हाई बे भाजीत," तो म्हणतो.