हिलालनानांचा हात

"काय म्हणस पंप, नाना?" टेम्पोवाल्या धर्मेंद्रने विचारलं.

चालू इंजिनाच्या चार पाइपांवरून हिलालनानांनी पुन्हा बोटं फिरवली. हे बारीक लोखंडी पाइप पंपातलं डिझेल नोझलकडे नेतात, आणि नोझल ते इंजिनात फवारतं. नाना ते चिमटीत धरत आणि दाब कुठे कमी, कुठे जास्त, ते सांगून मोकळे होत. पर्वत पाटियाच्या नाक्यावर गॅरेजांना काही तोटा नव्हता, पण डिझेल गाडी बिघडली की खानदेशी ड्रायव्हरांचं नानांचा हात लागल्याशिवाय समाधान होत नसे. नानांनाही याचा थोडा तोरा होता. नोझल तपासायच्या टेस्टरचा काटा मोडला, तेव्हा हात असताना काटा कशाला, म्हणून त्यांनी तो दुरुस्तच केला नाही.

आता तोच हात दगा देत होता. नोझलची फवार तळव्यावर घेऊन बघायची, ही या धंद्यातल्या सगळ्यांचीच खोड. मागे एकदा ती धार कातडीत शिरली. सूज उतरली, पण तळव्यापासून बोटांपर्यंतची जाणीव गेली ती गेलीच. नानांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"तुम्हीच नोझल करी दिधात, तठपासून गाडी ठोकी राहिनी," धर्मेंद्र म्हणाला. "धूर बी मारस. तो समोरचा मिस्तरी म्हणतो, दाब जास्त येतोय, पंपच खोल. पंप खोला तर गाडी आठवडाभर उभी. शेठ दुसरा टेम्पो लावी लेई, नाना."

'खोल' म्हणायला नानांना काय लागत होतं? नाव राहिलं असतं. पण चांगला पंप उगाच खोलायचा आणि या पोराबाळांच्या माणसाचा धंदा बसवायचा, हे त्यांच्याच्याने होईना. आणि हात गेला म्हणून सांगावं, तर उद्यापासून गॅरेजकडे कोण फिरकणार? नाना मनातून पार घाबरले होते.

तेवढ्यात गोडादऱ्याच्या घरून अनुसया डबा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने डबा खाली ठेवला. तव्यावरची भाकरी हे हाताने उचलतात आणि हात झटकतसुद्धा नाहीत, हे तिने कधीच पाहिलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

"अनुसया, आठे ये," नाना म्हणाले. "पदर खोच. तुना हात दे."

घरी साड्यांना टिकल्या लावणारा तो हात. त्यांनी तो मनगटाला धरून एकेका पाइपावर टेकवला.

"काय लागस?"

ती दचकली. मग तिने डोळे मिटले. "ह्या तीन सारखाच शेतस. हाऊ शेवटना... बोटले ढकली दी राहिना."

नानांचा श्वास मोकळा झाला. चारातला एकच पाइप असा धडकतोय, म्हणजे पंप ठीक होता. त्या एका नोझलची स्प्रिंग जास्त आवळली गेली होती, म्हणून ते उशिरा, फार दाबाने उघडत होतं. इंजिन बंद करून त्यांनी ते नोझल काढलं, खोललं. स्प्रिंगखाली पातळ चकतीसारखा एक वायसर असायला हवा. तिथे दोन होते, तेलाने एकमेकांना चिकटलेले. शिकाऊ पोराच्याही चिमटीला ती जाडी कळली असती.

धर्मेंद्र बॉनेटच्या पलीकडे उभा होता. वायसर चिंध्यांत टाकला असता, तर त्याला दिसलाही नसता. नानांनी तो त्याच्यासमोर धरला.

"हाऊ जास्तीना शे. मन्हाघाई दोन बसी ग्यात. बोटंस्ले आते काही समजत नही, धर्मा. मन्हीच चूक शे."

अनुसयाने तोंड फिरवून डोळे पुसले. बोटांना डिझेलचा वास लागला होता, आज साडीला हात लावता येणार नव्हता.

नाना पुन्हा कामाला लागले. एकच वायसर घालून नोझल बसवलं, पाइप आवळले. गाडी सुरू झाली. ठोका गेला होता, धूरही विरत गेला.

निघताना धर्मेंद्रने दोन्ही हातांनी नानांचा हात धरला. नाना खाली बघत राहिले. धर्मेंद्रच्या मनगटावरच्या शिरा तट्ट फुगल्या, तेव्हा त्यांना कळलं, की तो हात दाबतोय.