पोचा राहू द्या

मित्रांनो, मला बघितलं की आधी माझा पोचा दिसतो. तो लपवायचं माझ्या मनात नाही. मी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातला जुना प्याला आहे आणि माझी सगळी श्रीमंती त्या पोच्यातच आहे.

एका कारागिराने मला पितळेतून घडवलं, वर चांदीचा मुलामा दिला. तेव्हा मी असा चकाकत होतो की माझं मलाच कौतुक वाटे. प्रभुभोजनाच्या दिवशी माझ्यात द्राक्षरस ओतला जाई आणि मी बाकाबाकांवरून फिरे. आमच्या मंडळीची एक रीत होती. आपल्या हाताने मला कुणी उचलायचं नाही. शेजाऱ्याने ‘हे तुझ्यासाठी’ म्हणत द्यायचं. प्रभूने स्वतःला दिलं, म्हणून या मेजावर सगळं दिलेलंच मिळतं, असं आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, सांगत. इथे उष्टं असं काही नसतं, हेही ते हसून सांगत.

पण दोन जावांचं बिनसलं. थोरली बेकरी चालवायची, प्रभुभोजनाची भाकर तीच भाजायची. धाकटी शिवणकाम करायची. सासूबाई गेल्या आणि त्यांच्या शिलाई मशीनवरून दोघींची तोंडं दोन दिशांना झाली. मशीन थोरलीकडे धूळ खात पडलं. धाकटी शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली. तिच्या पुढच्याच बाकावरचे सुतारकाका मागे वळून मला तिच्यापुढे धरत, ती मान हलवी आणि मी तसाच परत फिरे. मनात अढी ठेवून हे कसं प्यायचं, असं तिने पाळकांना सांगितलं होतं. मला फार वाईट वाटे.

मग एका रविवारी थोरलीची भाकर करपली. दुसरी भाजून होईपर्यंत मंडळी गाणी म्हणत बसली. सुतारकाकांचा सूर सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांहून वेगळा. थोरली धापा टाकत आली, भाकर मेजावर ठेवली आणि मिळेल तिथे टेकली. जागा होती ती काकांच्या शेजारची. काकांना कमी ऐकू येई, त्यामुळे जावांचं भांडण त्यांच्या कानापर्यंत पोहोचलंच नव्हतं. थोरली प्यायली, तशी त्यांनी तिला मागे वळायची खूण केली.

ती वळली. मला तिने दोन्ही हातांनी धाकटीपुढे धरलं.

“हे तुझ्यासाठी,” ती म्हणाली. मग हळूच, “माझं उष्टं आहे. चालेल?”

धाकटीने मला हातात घेतलं. “जाऊबाई, लग्न होऊन आले तेव्हा भीतीने मला घास उतरत नव्हता. तुम्ही तुमच्या ताटातला भरवलात. तेव्हा कुठे विचारलं होतंत?”

ती प्यायली. मग दोघींना रडू कोसळलं आणि मला कुणी धरायचं हे दोघीही विसरल्या. मी थेट फरशीवर, आणि हा पोचा पडला.

पाळक मला दुरुस्तीला पाठवणार होते. दोघींनी एका सुरात नको म्हटलं. पुढे नवा चकचकीत प्याला आला आणि मी कपाटात गेलो. तरी देवाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. मशीन आता धाकटीकडे आहे, पण दोघी म्हणतात, ‘आपल्या’ घरी आहे. आणि मला झाकणारा रुमाल त्याच मशीनवर शिवलेला आहे.

मित्रांनो, मला अधूनमधून बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा. मुलामा गेला तरी चालेल. पोचा मात्र काढू नका. आणि शेवटच्या बाकावर कुणी एकटं बसलं असेल, तर मागे वळायला विसरू नका.