'हो' म्हणणाऱ्या बरण्या

टक्.

एवढासाच आवाज. पण टेलरकाकूंच्या स्वयंपाकघरात अख्खी गल्ली श्वास रोखून दाटीवाटीने उभी होती, त्यामुळे तो तोफेसारखा वाजला. ओट्यावर टोमॅटोच्या रसाच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, उकळत्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या. त्यांतल्या एकीवर हात धरून बरणीबुवा डोळे मिटून उभे होते.

"काच ऐकते, झाकण बोलतं," ते हळूच म्हणाले. "बरणी 'हो' म्हणाली, आजी."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या डोळ्यांतला दाब वाढला होता. डॉक्टरांनी रोज घालायला थेंब दिले होते आणि बजावलं होतं, की या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. थेंब झोंबायचे. म्हणून सासूबाईंनी बरणीला विचारलं होतं, "थेंब घालणं सोडलं तरी माझे डोळे शाबूत राहतील ना?"

मग पुढच्या बरणीजवळ वाकून, तिच्या कानात सांगावं तसं त्यांनी आणखी एक विचारलं. धाकट्याला कडेवर घेऊन मी शेजारीच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. आणि त्यांचा पदर धरून उभ्या असलेल्या माझ्या लेकीला, भिंगरीलाही. "हे जिथं गेलेत, तिथं सुखात आहेत ना?"

टक्.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

हे बरणीबुवा दर हंगामात उगवायचे. परसातले टोमॅटो खाऊन संपेनात, घरोघर ते शिजवून बरण्यांत भरायची घाई उडाली, की स्वारी हजर. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर ओला रुमाल, आवाज साखरेच्या पाकातला. त्यांचे नियम ठरलेले: जीभ बंद, कान उघडे. आगीतून आलेली बरणीच खरं बोलते, गार बरणी मुकी. मग ओला रुमाल झाकणावरून फिरवायचा आणि प्रश्न रबरासारखा ताणायचा, पुन्हा विचारायला लावायचा, टक् होईपर्यंत. प्रश्नही असा वळवून घ्यायचे, की 'हो' हेच गोड उत्तर. बरणीला 'नाही' म्हणताच येत नाही, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरली नाही. जाताना बुवा एक भरलेली बरणी काखोटीला मारून न्यायचे. तिला विचारत नसत.

त्या दिवसापासून थेंबांची बाटली कपाटात गेली. मी समजावलं, रुसले, डॉक्टरांचं नाव काढलं. सासूबाईंचं एकच, की तू शिकलेली आहेस गं, पण मी माझ्या कानांनी ऐकलंय. इतकी वर्षं घरी बरण्या भरतेय, माझ्या हातची एकही कधी बोलली नव्हती. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, आईचं मन मोडू नकोस, चार दिवसांत विसरेल. आणि एका सकाळी सासूबाईंनी चहा कपाऐवजी बशीशेजारी ओट्यावर ओतला. वर हसून म्हणाल्या, कपच सरकला वाटतं.

त्या दुपारी मी आमच्या परसातल्या टोमॅटोंना हात घातला. धाकटा झोपला की आमचं घर देवडीवर पहारा असल्यासारखं चालतं: नळ बारीक, पावलं चवड्यावर, भिंगरीच्या तोंडावर तिचंच बोट. बरण्या पाण्यातून चिमट्याने उचलून मी फडक्यावर ठेवल्या आणि जरा टेकले.

टक्. धाकटा दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं.

"आई, तू काय विचारलंस?" भिंगरी म्हणाली.

"काहीच नाही गं."

"मग ती कुणाला 'हो' म्हणाली?"

मी धाकट्याला खांद्यावर थोपटत ओट्याकडे बघत राहिले. न बोललेल्या बरण्यांच्या झाकणाला मधोमध बोटाच्या पेराएवढा उंचवटा होता. बोललेलीचा आत बसला होता. भिंगरीला मी म्हटलं, आता तू विचार, मनात येईल ते. तिने बराच विचार केला.

"मला शेपूट आहे का?"

थोडा वेळ काही नाही. मग टक्. भिंगरीने मागे हात लावून पाहिला.

पुढच्या घाण्याला मी स्वतः बुवांना बोलावलं. सासूबाईंना वाटलं, सुनेला अखेर सुबुद्धी झाली. त्यांनी गल्लीभर आवतण दिलं. टेलरकाकू गळ्यात टेप तसाच ठेवून आल्या. मी बरण्या काढल्या. बुवांनी खांद्यावरचा रुमाल उतरवला, डोळे मिटले, आणि ते तोंड उघडणार तोच स्टुलावर चढलेल्या भिंगरीचा आवाज आला.

"बरणीताई, मला शेपूट आहे का?"

बुवांनी एक डोळा उघडला. बरणी म्हणाली, टक्. कुणीतरी फिसकन हसलं.

"बुवाकाकांना आहे का?"

टक्. आता टेलरकाकूंनी टेपचं टोक तोंडात कोंबलं.

बुवा म्हणाले, थट्टेच्या जागी वाणी भ्रष्ट होते. मी म्हटलं, बरं, मग थट्टा नको. सकाळची गार बरणी त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, हिला काहीही खरं विचारा. ते म्हणाले, गार बरणी मुकी असते. म्हटलं, का असते, तेवढं सांगा. ते रुमालाच्या घड्या घालू लागले.

मग मीच सांगितलं. गरम रसाची वाफ बरणीतली हवा बाहेर ढकलते. बरणी निवली की वाफेचं पाणी होतं, आतली जागा रिकामी पडते, आणि बाहेरची हवा झाकणाचा उंचवटा आत दाबते. तोच टक्. ओल्या रुमालाने झाकण लवकर निवतं, म्हणून रुमाल. एकदा दबलं की पुन्हा दबायचं राहत नाही, म्हणून गार बरणी मुकी. झाकण नीट बसलं, रस टिकेल, एवढंच ती सांगते. मी एका तापल्या झाकणावर ओलं फडकं ठेवलं, काही न विचारता. टक्.

बुवा निघाले. या वेळी काखोटी मोकळी होती.

हसू ओसरलं तरी सासूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. मला वाटलं, चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला म्हणून रागावल्या.

"मग इतकी वर्षं मला ऐकू कसं नाही आलं?" त्यांनी विचारलं. आणि मग त्याच म्हणाल्या, "रेडिओ. ह्यांचा रेडिओ. बरण्या भरायच्या दिवशी तर अगदी कानठळ्या बसेपर्यंत."

यंदा, सासरे गेल्यापासून, तो रेडिओ बंद होता, म्हणून घर इतकं शांत.

माझं सांगणं फार मोठं नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी दोन गोष्टी करून पाहा: कुणी काही न विचारताही तो होतो का, आणि मुद्दाम वेडा प्रश्न विचारला तर काय होतं. दुःख असलं की माणूस 'हो' ऐकायला आसुसतो, त्यात लाज कसली. पण डोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं, बरणीला नव्हे.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच कपाटातून बाटली काढली आणि मान मागे टाकली. मी थेंब घातले. झोंबले, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. उद्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. डोळे मिटून त्या बसल्या होत्या आणि भिंगरी त्यांच्या गालावरून ओघळलेला थेंब फ्रॉकने पुसत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"आई, आजोबा सुखात आहेत का, हे आता कुणाला विचारायचं?"