तात्याची जागा

काकासाहेबांनी उतू जायला निघालेल्या दुधाखालचा गॅस बंद केला आणि फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"मारू नका, एवढंच म्हणतो साहेब. बाकी काय करायचं ते करा."

"कुणी मारतंय का?" पलीकडून राजेंद्र म्हणाले. "पात्र कमी करतोय फक्त."

"सरपंच असाच कमी केला होता तुम्ही. विहिरीत पाडून."

राजेंद्र सरकारी रेडिओ केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होते. वरून कागद आला होता. साथ आहे, पैसे नाहीत, तेव्हा हंगामी कलाकार एका कार्यक्रमाला एकच. 'बांधावरच्या गप्पां'त होते दोन, मल्हारीतात्या आणि बानाआक्का. वीसेक वर्षं रोज संध्याकाळी हे दोघं बोंडअळी, युरिया आणि शेळ्यांचे जंत यांवरून रेडिओवर भांडत आले होते. तात्या म्हणजे काकासाहेब, आक्का म्हणजे सुरेखाबाई. सुरेखाबाई फुलंब्रीला राहायच्या, त्या घरूनच मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवू शकत होत्या. काकासाहेबांच्या मोबाईलवरून फक्त बोलता येत होतं. अशा रीतीने कलेचा निकाल लागला.

"मग सिल्लोडला पाठवा तात्याला," काकासाहेब म्हणाले. "लेकीकडं गेला, तिथंच अडकला. गाड्या बंद. पास मिळंना."

"तात्याला लेक कुठंय?"

"द्या की एक. विहीर दिलीत, बैलजोडी दिलीत, योजनेतून गोठा दिलात. लेकच जड झाली व्हय?"

"बोलणारी नको पण. मानधन नाही."

"मुकी द्या. पण तात्याला जिवंत ठेवा."

राजेंद्र 'बघतो' म्हणाले. या शब्दाचा सरकारी अर्थ काकासाहेबांना पाठ होता. त्यांनी दूध पातेल्यातच झाकून ठेवलं. चहा करायचा होता, हे विसरूनच गेले.

बायको गेल्यापासून घरात बोलायला एक पाल तेवढी होती, आणि ती संशयापलीकडं काही बोलत नसे. पूर्वी गुलमंडीवर भाजीला गेलं की माणसं आवाजावरून ओळखायची. कोथिंबिरीचा भाव विचारायचा अवकाश, "अरे, तात्या! बोंडअळी गेली का वो?" भाजीवाला हिंदीत विचारायचा, "चचा, आज आक्काने फिर डांटा क्या?" आता गुलमंडी बंद. उघडली तरी गिऱ्हाईक तोंडाला फडकं बांधून, लांबून बोट दाखवून भाजी घ्यायचं. आवाजाच्या माणसाला चेहऱ्यावरून कोण ओळखणार?

त्यांनी दोनचारदा सुरेखाबाईंना फोन लावला. फोन लावला की आधी खोकला ऐकू येई, मग एक बाई हात धुवायला सांगे. तीही सरकारनंच ठेवलेली, पण तिला कुणी कमी केलं नव्हतं. काकासाहेब तिचं सगळं मन लावून ऐकत आणि पलीकडं घंटी वाजायच्या आत फोन ठेवून देत. कारण सुरेखाबाईंशी बोलायचं काय? इतक्या वर्षांत कागदावर लिहिलेलं सोडून दोघं कधी बोललेच नव्हते. बाई वेळेवर यायच्या, भांडायच्या, "येते" म्हणून बसस्टँडकडं निघायच्या. कागदाबाहेरचं एकच भांडण होतं. तात्याचं वाक्य संपायच्या आत आक्काचं सुरू व्हायचं.

"बाई, श्वास तरी घेऊ द्या!"

"घ्या की. मी बोलते तोवर."

त्यांचंही बरोबर होतं. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. चार श्वास आवाज आला नाही, की ऐकणारा यंत्र बंद पडलं समजून खुंट्या पिळायला लागतो.

सोमवारी संध्याकाळी काकासाहेबांनी रेडिओ खिडकीत ठेवला आणि समोर खुर्ची ओढली. सनई वाजली. मग सुरेखाबाईंचा आवाज आला, गोधडी पांघरून बोलावं तसा. मागं कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती.

"रामराम मंडळी. मी बानाआक्का. आता तुम्ही इचाराल, तात्या कुठंयत."

काकासाहेबांनी खुर्चीचा हात धरला.

"तात्या इथंच हायत, माझ्यासमोर. पण शहाण्या माणसागत तोंडाला मास्क बांधलाय, अन् बसल्यात बांधाच्या पार त्या टोकाला. त्यांचं बोलणं मला कळतंय, तुम्हाला काय ऐकू यायचं नाय. व्हय ना वो तात्या?"

आणि शांतता. नुसती मोटार.

काकासाहेबांचा हात खुंटीकडं गेला. मग तो तिथंच थांबला.

"बघा, मान हलवली," आक्का म्हणाली. "बरं तात्या, सोयाबीनचं घरचं बियाणं पेरलं तर चालंल का?"

पुन्हा जागा. एक वाक्य आरामात बसेल एवढी, वर श्वासही घेता येईल.

"आधी उगवण बघ म्हणावं," काकासाहेब म्हणाले. दोन दिवसांत तोंड उघडलं नव्हतं, आवाज घोगरा निघाला. त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं, "ओल्या पोत्यात गुंडाळून ठेव. किती उगवतंय बघ, मग बोल."

"ऐकलं का मंडळी? तात्या म्हणत्यात, ओल्या पोत्यात गुंडाळून बघा. माणूस तिरसट हाय, पण सांगतोय ते खरंय."

"तिरसट कोण?" काकासाहेब म्हणाले, पण ही जागा त्यांना दिलेली नव्हती. आक्का पुढं निघून गेली होती, नेहमीसारखी.

शेवटी सनई वाजणार, तेवढ्यात आवाज जरा खाली आला.

"तात्या, जेवलात का?"

हे कागदावर असणं शक्य नव्हतं. काकासाहेबांनी ओट्याकडं पाहिलं. पातेल्यात सकाळची खिचडी होती, तशीच. ही जागा सगळ्यांत मोठी होती, आणि ती संपत आली तेव्हा कुठं त्यांना शब्द सापडला.

"नाय अजून."

"मग जेवून घ्या," आक्का म्हणाली, आणि सनई लागली.

दुसऱ्या दिवशी राजेंद्रांचा फोन आला. "मी लेक लिहून दिली होती हो, बाईंनी परस्पर काढून टाकली. आणि मधेमधे या मोकळ्या जागा! कापायच्या होत्या, पण कापणारा माणूसही कमी केलाय."

"अरेरे," काकासाहेब म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी खिचडी गरम करून जरा लवकरच खाल्ली. दोरीवर वाळत घातलेला मास्क काढला, खिडकीतल्या रेडिओपासून खुर्ची चार हात मागं सरकवली, मास्क नीट नाकावर ओढून बांधला, आणि सनईची वाट बघत बसले. उगाच कुणाला ऐकू गेलं तर आक्का खोटी पडायची.